‘तुझे काम कोणते?’ : कामकऱ्याचे आरोग्य आणि आपला हक्क

(लासूर स्टेशन येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेत मी एखाद्या सुत्तावर अथवा दीक्षेच्या अर्थावर बोलेन, अशी आपणांपैकी पुष्कळांची अपेक्षा असेल. त्या विषयांवर बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्ते आपणांस लाभतात. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो दररोज सायंकाळी आपल्यासोबत घरी येतो. तो फवारणी केलेल्या सदऱ्याला चिकटून येतो, कापसाच्या धुळीबरोबर छातीत बसून येतो, पोती वाहिलेल्या पाठीतून ठणकत येतो. कामामुळे कामकऱ्याला होणारे रोग, आणि त्या रोगांपासून वाचण्याचा त्याचा हक्क, हा तो विषय होय.

लासूर स्टेशन हे गावच मुळी कष्टावर उभे राहिले आहे. १९०० साली निजामाच्या अमदानीत मनमाडपासून हा लोहमार्ग सुरू झाला. स्टेशनाच्या आधाराने बाजार वाढला आणि बाजाराच्या आधाराने हमाल, हातगाडीवाले, रोजंदारीचे मजूर येथे आले. आजही या गंगापूर तालुक्यात कोणी कापसाच्या शेतात पंप पाठीवर घेतो, कोणी जिनिंगमध्ये कापूस ओढतो, कोणी बाजारात कांद्याची पोती उचलतो, कोणी वाळूजच्या कारखान्यात यंत्रासमोर उभा राहतो. या सर्वांची मजुरी किती, हे आपण विचारतो. त्या मजुरीसाठी शरीराचा कोणता भाग खर्ची पडतो, हे मात्र आपण विचारीत नाही. ते विचारण्याची सवय आपल्या घरांना लागावी, एवढ्याचसाठी मी आज उभा आहे.

हा प्रश्न प्रथम कोणी विचारला?

इटली देशातील मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. एकदा त्यांच्या स्वतःच्या घरचा शौचकूप उपसण्याचे काम चालू होते. आत उतरलेला मनुष्य विलक्षण घाईने काम करीत होता. रामाझ्झिनींनी त्याला घाईचे कारण विचारले. त्याने सांगितले की, या जागी थोडे तास जरी अधिक काढले तरी डोळे जातात. घरी गेल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून कोमट पाण्याने डोळे धुवावे लागतात. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे तपासले, ते लाल व मंद झालेले होते. शहरात भीक मागत फिरणारे कित्येक अर्धांध लोक पूर्वी हेच काम करीत असत, हेही त्यांच्या ध्यानात आले.

त्या दिवसापासून हा विद्वान कुंभार, खाणकामगार, अंबाडी पिंजणारे, दाई, धोबीण अशा कामकऱ्यांच्या कामाच्या जागी जाऊ लागला. १७०० साली त्यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर लॅटिन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारावयाचे त्यांत त्यांनी आणखी एका प्रश्नाची भर घातली : ‘तुझे काम कोणते?’

बंधूंनो, आज जगभर ज्याला व्यवसायजन्य रोगांचे शास्त्र म्हणतात त्याचा जन्म एका मैला उपसणाऱ्याच्या डोळ्यांतून झाला आहे. ही गोष्ट आपण आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

आणि आता आपल्या देशाकडे पाहा. हाच प्रश्न आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके विचारला गेला. परंतु तो रोग शोधण्यासाठी कधीच विचारला गेला नाही. तो जात ओळखण्यासाठी विचारला गेला. उत्तर ऐकून वैद्य जवळ आला नाही, विचारणारा चार पावले मागे सरला.

धोक्याची वाटणी

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात दाखवून दिले. त्यांच्या या विचाराला आरोग्यशास्त्राच्या बाजूने एक पुरवणी जोडता येते. जातीने कामाबरोबर धोक्याचीही वाटणी केली. जे काम अधिक रोगट ते जन्माने ठरविलेल्या माणसाकडे गेले, आणि त्याचा रोग हा त्याच्या नशिबाचा भाग समजला गेला. नशिबाला कोणी औषध शोधीत नाही. म्हणूनच आपल्याकडे या रोगांचा शोध उशिरा लागला.

मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण घ्या. तेथे अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, आणि मजुरी तर त्याच खात्यात अधिक होती. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावावा, ही इतरांची अडचण होती. १९२८ सालच्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यातील विपरीतपणा ध्यानी घ्या. एकच धोटा अनेकांनी तोंडाला लावणे हे सर्वांच्याच प्रकृतीस अपायकारक होते. त्याने रोग पसरत, सुताची धूळ व खळ पोटात जाई. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे जगात तयार झालेले होते. परंतु घातक पद्धत बंद करण्याऐवजी माणसाला बंदी करण्यात आली. विटाळाचा विचार झाला, रोगाचा झाला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर गावोगावी आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारले. ती केवळ मानाची गोष्ट नव्हती, आपल्या आरोग्यावरील हक्काचा तो उच्चार होता. तरीही धोका संपला असे समजू नका. शहरांत गटारांत उतरून माणसे अजून मरत आहेत. त्या गटारातील वायूने प्रथम डोळे जळतात. प्रमाण वाढले की त्याचा वाससुद्धा कळेनासा होतो आणि मनुष्य क्षणात बेशुद्ध पडतो. २०१३ साली हाताने मैला साफ करविण्यावर व्यापक बंदी घालणारा कायदा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. मोडेनाच्या त्या माणसाने जे सांगितले होते ते कायद्याच्या भाषेत यावयाला तीन शतके लागली.

फवारणीचे विष

आता आपल्या शेतांकडे येऊ. आपण कापसाच्या मुलखात राहतो, म्हणून यवतमाळ जिल्ह्याची गोष्ट आपली आहे. २०१७ सालच्या पावसाळ्यात आणि त्यापुढील महिन्यांत तेथे कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या उंचीला गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर व अंगावर येत होता. गुलाबी बोंडअळी आटोक्यात येत नव्हती म्हणून दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. हवा दमट होती, अंग घामाने भिजलेले होते, आणि ओल्या कातडीतून विष अधिक सहज आत जाते.

यांपैकी काही विषे शरीरात काय करतात ते समजून घ्या. आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना जो निरोप जातो तो पोहोचल्यावर पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. हे विष त्या द्रव्यालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दृष्टी अंधुक होते, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, उलटी होते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. रक्ताच्या तपासणीने हे द्रव्य किती घटले ते कळते आणि ॲट्रोपिन हे त्यावरील औषध वेळेत दिले तर जीव वाचतो. म्हणून अशी लक्षणे दिसताच कपडे काढावे, साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी घेऊन तडक रुग्णालय गाठावे. डबा बरोबर नसेल तर डॉक्टरांना विष ओळखण्यातच वेळ घालवावा लागतो.

दुर्घटनेनंतर पुष्कळांनी म्हटले की मजुरांनी हातमोजे व मुखवटा घातला नाही, दोष त्यांचाच. हे म्हणणे अर्धवट आहे. कीटकनाशकांचा कायदा १९६८ साली व त्याखालील नियम १९७१ साली झाले. संरक्षक कपड्यांची तरतूद त्यांत आहे. परंतु भर ऑक्टोबरच्या उन्हात रबरी पोशाख घालून दिवसभर पंप चालविता येईल काय? आरोग्यशास्त्राने संरक्षणाचा एक क्रम ठरविला आहे. प्रथम विषच बदला अथवा टाळा. ते शक्य नसेल तर माणूस आणि विष यांच्यामध्ये यंत्राची वा अंतराची आड घाला. मग कामाचे तास कमी करा. मुखवटा हा सर्वांत शेवटचा उपाय होय. आपल्याकडे शेवटचा उपाय प्रथम सांगितला जातो, कारण तो मजुराच्या माथी मारता येतो.

आणखी एक गोष्ट. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही असा मजूर विषाने आजारी पडला तर तो शेतकरी म्हणून मोजला जात नाही, आणि कारखान्यात नाही म्हणून कामगार म्हणूनही मोजला जात नाही. आपल्या समाजातील भूमिहीनांची संख्या ध्यानात घेता हा प्रश्न किती मोठा आहे हे मी वेगळे सांगावयास नको.

भगिनींनो, हा धोका केवळ पंप घेणाऱ्याचा नाही. पिंपातील औषधात पाणी ओतणारी, फवारणीनंतर कापूस वेचणारी आणि नवऱ्याचा भिजलेला सदरा हाताने धुणारी स्त्री यांच्याही कातडीला ते विष लागते. ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नका आणि औषधाचा रिकामा डबा घरात धान्यासाठी वा पाण्यासाठी कधीही वापरू नका. डब्यावर त्रिकोण असतो. त्याचा रंग लाल असेल तर ते विष सर्वांत जहाल असे समजा. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा क्रम आहे.

कापसाची धूळ

शेतातील कापूस जिनिंगमध्ये येतो. येथे मला घरची गोष्ट सांगावी लागते. माझे वडील पुष्कळ हंगाम एका जिनिंगमध्ये कामाला होते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की त्यांची छाती आवळे आणि आठवडा सरत आला की जरा बरे वाटे. सुट्टीने अंग आळसावले, असे ते म्हणत. पुढे खोकला कायमचा जडला. दवाखान्याच्या केसपेपरवर एकच शब्द लिहिला गेला : दमा. काम काय करता, हे कोणी विचारले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हीही ते सांगितले नाही, कारण ते सांगावयाचे असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

कापसाच्या धुळीने छातीला होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हीच त्याची पहिली खूण आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या वर्षांत कामगारांना, छाती कोणत्या दिवशी आवळते, हा साधा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरांवरून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवर मनुष्याला धुळीतून बाहेर काढले तर तो सुधारतो, शेवटच्या पायरीवर फुप्फुस कायमचे जाते. मुंबईत केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनीही गिरणी कामगारांतील या रोगाचा अभ्यास केला. कापूस फोडण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत धूळ सर्वांत अधिक असल्यामुळे रोगही तेथे अधिक आढळतो.

माझ्या वडिलांना हाच रोग होता असे मी आज म्हणू शकत नाही. तसे म्हणावयास तपासणी नाही, नोंद नाही, कामाचा कागद नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत लिहिता आले असते ती ओळ कोरी राहिली, आणि त्या कोऱ्या ओळीबरोबर आमचा हक्कही गेला.

संशोधनातून कायदा

कोणी म्हणेल, संशोधनाने गरिबाचे पोट भरते काय? याचे उत्तर मंदसौरने दिले आहे. मध्य प्रदेशातील या भागात पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता. दगडाच्या धुळीने तेथील कामगार तरुणपणीच खोकून मरत. अहमदाबादला १९६६ साली स्थापन झालेल्या आणि १९७० पासून राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन तपासणी केली. तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस झालेला आढळला. तोवर जे नशीब होते तो त्या दिवसापासून पुरावा झाला, आणि पुरावा झाल्यावरच धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविण्याची भाषा सुरू झाली.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी स्त्री कामगारांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. कागद वाचून धूळ कळत नाही, ती पाहावी लागते. १९४४ साली कोळसा खाणकामगारांसाठी कल्याणनिधी निघाला. त्यांच्याच खात्याने नेमलेल्या प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आजारविम्यासंबंधीचा अहवाल त्याच वर्षी आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा जन्मास आला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. आठ तासांचा दिवस ही केवळ विश्रांतीची सोय नव्हे. धूळ आणि विष यांचा अपाय जितके तास तितका साठत जातो, म्हणून तास कमी करणे हे सुद्धा औषधच आहे.

परंतु या विम्याच्या भिंतीला एक भगदाड आहे आणि ते नेमके आपल्या दारासमोर आहे. १९४८ च्या त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाची जिनिंग स्पष्टपणे घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेतही ही वगळणूक कायम आहे. जेथे धूळ आहे तेथेच विमा नाही! हंगाम चार-सहा महिन्यांचा असेल, फुप्फुस मात्र बारा महिने तेच असते. ही मागणी आपण उचलली पाहिजे.

तथापि सर्वच दारे बंद नाहीत. नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत कळविण्यास योग्य अशा रोगांची यादी आहे. त्या यादीतील रोग आढळला तर डॉक्टराने तो सरकारी अधिकाऱ्याला कळवावयाचा असतो. नुकसानभरपाईस पात्र रोगांची यादीही वेगळी आहे. बिसिनोसिस व सिलिकोसिस हे त्यांत आहेत. परंतु भरपाई मागताना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : रोग कोणता, आणि काम कोणते व किती काळ केले. पहिली गोष्ट डॉक्टर सांगेल. दुसरी आपणच जपून ठेवावी लागेल.

आपण काय करावे?

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला सेवकांविषयी धन्याची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांतील पहिले कर्तव्य, ज्याची जेवढी शक्ती तेवढेच काम त्याला द्यावे हे होय. वेतन व अन्न, आजारात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी ही त्याच उपदेशात आहेत. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत आणण्याची शिफारस केली. शक्तीप्रमाणे काम, या शब्दांना तिने एक आकडा दिला. महाराष्ट्रात माथाडी व हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला तो आपोआप झाला नाही, हमाल संघटित झाले म्हणून झाला. बाजारात पोते उचलणाऱ्या माझ्या बंधूंनी हे विसरू नये.

म्हणून माझे आपणांस तीन गोष्टींचे सांगणे आहे.

पहिली : दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, ‘मी अमुक काम करतो, इतकी वर्षे करतो, सुट्टीच्या दिवशी मला बरे वाटते की नाही तेही लिहा.’ ती ओळ केसपेपरवर लिहिली गेली की नाही ते पाहा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या.

दुसरी : घरात एक वही ठेवा. कोणत्या महिन्यात, कोणाकडे, कोणते काम केले, कोणते औषध फवारले, मजुरी किती मिळाली, हे तीत लिहा. मजुरीची चिठ्ठी, हजेरीचा कागद, औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी त्याच वहीत ठेवा. आपल्या पूर्वजांचा सर्व इतिहास दुसऱ्यांनी लिहिला. निदान आपल्या छातीचा इतिहास तरी आपण लिहू या.

तिसरी : विहारात महिन्यातून एक बैठक या विषयासाठी ठेवा. एकाच कामावरच्या पाच माणसांना एकच त्रास होत असेल तर ते पाच आजार नाहीत, ते एकच कारण आहे. ही गोष्ट एकट्याला कधीच कळत नाही. पाच वह्या एकत्र ठेवल्या की ती कळते. संशोधन म्हणजे तरी याहून वेगळे काय आहे?

शेवटी तरुणांना एक शब्द. बाबासाहेबांनी १९५० साली या जिल्ह्याच्या शहरात महाविद्यालय उभारले ते आपण नोकरीस लागावे एवढ्यापुरतेच नव्हे. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर व्हाल, कोणी कारखान्यांचे निरीक्षक, कोणी वकील. तेव्हा तुमच्यासमोर घामाने भिजलेला, हातांना चिरा पडलेला एखादा मनुष्य येऊन बसेल. त्याची जात विचारणारे त्याला आयुष्यभर भेटलेले असतील. तुम्ही मात्र त्याच्याजवळ सरकून बसा आणि विचारा, ‘बाबा, तुमचे काम कोणते?’ आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या.